चिपाडातलं बिऱ्हाड

भीमाशंकरच्या वाटेवर तळेघर लागतं. एकदा तिथं एका अंगणात टेकलो होतो. एक आजी कांडलेलं भात सुपानं पाखडत होत्या आणि तूस उडून माझ्या अंगावर येत होतं. "हे टाकून देता का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "टाकायचं कशापायी? राबाला घालतो. कुनाच्या ना कुनाच्या कामी येतंय."

त्या बोलण्यानं मला माझी दादी आठवली. ती उसाच्या रसाचा सिरका घालायची. बरणी रिकामी झाली तरी तळाचा गाळ फेकू द्यायची नाही. "त्यातच सिरक्याचा जीव आहे," म्हणायची. दह्याचं विरजण राखणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक असतं.

या जिवाला राहायला जागा दिली, तर तो जास्त काम करतो. ही गोष्ट माणसाला शास्त्राच्या आधी कळली. अठराव्या शतकात हॉलंडमधले वैद्य बूरहाव यांनी सिरक्याच्या पिपांत द्राक्षवेलीच्या काड्या आणि घडांचे देठ भरायची पद्धत सांगितली. 1823 साली जर्मनीत शुत्सेनबाख यांनी बीच लाकडाचे छिलके भरलेल्या उंच पिपांतून मद्य ठिबकवलं. महिनोन्‌महिने चालणारं काम काही दिवसांवर आलं.

ते का होतं, यावर मोठा वाद झाला. थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग म्हणत, छिलक्यांवर जीवबीव काही नाही, ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे. पाश्चर म्हणाले, म्युनिचच्या कारखान्यातले छिलके वाळवून पॅरिसला पाठवा, त्यांच्यावरचा सूक्ष्मजीवांचा थर दाखवतो. लीबिग यांनी ते आव्हान घेतलं नाही. 1873 मध्ये ते वारले.

योगायोग असा, की त्याच्या बरोबर शंभर वर्षांनी, 1973 मध्ये, जपानच्या तानाबे कंपनीनं जिवाणूंच्या पेशी जेलमध्ये अडकवून अॅस्पार्टिक आम्ल कारखान्यात तयार करायला सुरुवात केली. पण असं जेल विकत घ्यावं लागतं. मग संशोधक पुन्हा शेताकडे वळले. उसाचं चिपाड, भाताचा पेंढा, मक्याची बुरकुंडं यांवर त्यांनी यीस्ट बसवून पाहिलं.

यातलं मर्म साधं आहे. एरवी यीस्ट रसात तरंगतं आणि तयार मालाबरोबर बाहेर जातं. दर वेळी ते नव्यानं वाढवायचं, तर थोडी साखर त्या वाढीतच खर्च होते. चिपाडाचे धागे खरबरीत आणि सच्छिद्र असतात. यीस्ट त्यांना चिकटून राहतं. रस काढून घ्या, नवा ओता, काम पुढं चालू. यातही उणिवा आहेत. काही पेशी सुटतात, चिपाड कालांतरानं कुजतं. पण ते बदलायला फारसा खर्च नाही.

चिपाडाची आपल्याकडे वाण नाही. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढं महाराष्ट्रभर गाळप वाढलं. शंभर टन ऊस गाळला, की साधारण तीस टन ओलं चिपाड निघतं. त्यातलं बहुतेक बॉयलरमध्ये जळतं. त्याच आवारात मळीपासून अल्कोहोल तयार होतं. म्हणजे यीस्टही तिथं, आणि त्याला लागणारं घरही तिथंच.

तळेघरहून घोडेगावकडे उतरताना डिंभे धरणाचं पाणी दिसतं. ज्या आंबेगावचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं गाव या पाण्याखाली गेलं. कालव्यांनी हे पाणी खाली जातं आणि तिथं ऊस उभा राहतो. पारगावला भीमाशंकर कारखाना त्याच तालुक्यात आहे.

म्हणून मला वाटतं, चिपाडाचा हा इतिहास नुसता प्रयोगशाळेचा नाही. एका सूक्ष्म जिवाला बिऱ्हाड मिळालं, तर तो किती काळ राबतो, हे आपण मोजलं. वरच्या डोंगरात ज्यांचं बिऱ्हाड उठलं, त्यांच्या वाट्याला त्या उसातलं काय आलं, हेही कधीतरी मोजायला हवं. तुसालाही कामाला लावणाऱ्या त्या आजींचा तेवढा हक्क आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)