सपाट तळ्याखालचे खोरे : पानशेत, जुने नकाशे आणि खेळाच्या इंजिनातले बिघाड

१/ तोरणा उभा होता, राजगड उभा होता. त्यांच्या उत्तरेला आंबी नदीचे खोरे असायला हवे होते. त्या जागी माझ्या पडद्यावर काचेसारखा गुळगुळीत, तंतोतंत सपाट पट्टा पसरला होता. संगणकीय खेळाचे एडिटर बिघडले, अशी माझी खात्री झाली. त्या ‘बिघाडा’चा शोध मला थेट १९६१ पर्यंत घेऊन गेला. त्या प्रवासाचा हा धागा. 🧵

२/ मित्रांनो, प्रथम पार्श्वभूमी. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासाबरोबर मी एक लहानसा खेळ करते आहे. त्यात लढाई नाही, गुणसंख्या नाही. धरणापूर्वीच्या पानशेत खोऱ्यातून चालत जायचे, एवढेच. खेळाची भूमी ज्या प्रणालीत घडते तिला इंजिन म्हणतात आणि आपण हाताने काम करतो त्या भागाला एडिटर. डोंगर घडवण्यासाठी एडिटरला एक करडे चित्र द्यावे लागते. काळा ठिपका म्हणजे सखल जागा, पांढरा म्हणजे शिखर. हा झाला उंची-नकाशा.

३/ पहिला बिघाड मला बिघाड वाटलाच नाही. तोरण्याच्या उतारावर सुबक पायऱ्या उमटल्या होत्या. वेल्ह्याची भातखाचरे इतकी हुबेहूब कशी आली, म्हणून मी हरखून गेले. पण त्याच पायऱ्या कड्यावर आणि बालेकिल्ल्यावरही दिसू लागल्या, तेव्हा शंका आली. कड्यावर भात कोण लावणार?

४/ कारण साधे होते. चित्र जतन करताना ते ८ बिटांत गेले होते. ८ बिटांत करड्या रंगाच्या छटा फक्त २५६. खोऱ्याच्या तळापासून तोरण्याच्या १,४०३ मीटर उंचीपर्यंतचा सुमारे ८५० मीटरचा फरक २५६ छटांत वाटला, की एकेक पायरी तीन मीटरांहून मोठी होते. १६ बिटांत छटा ६५,५३६ मिळतात आणि पायरी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास येते. मूळ फाइल १६ बिटांत पुन्हा जतन केली आणि ‘भातखाचरे’ नाहीशी झाली. यातून मिळालेला पहिला धडा : जे आपल्याला पाहायला आवडते, त्याचीच तपासणी आधी करावी.

५/ दुसरा बिघाड मात्र लपणारा नव्हता. डोंगरांच्या जागी काट्यांचे रान उगवले. ७०० मीटरच्या जागेला इंजिन ४८,१३० समजत होते आणि शेजारच्या ७०१ मीटरच्या जागेला ४८,३८६. एका मीटरच्या चढाची २५६ मीटरची भिंत झाली होती. १६ बिटांची संख्या दोन बाइटांत लिहितात. मोठा बाइट आधी लिहायचा की लहान, याचे दोन संप्रदाय आहेत. माझी फाइल एका संप्रदायाची होती आणि इंजिन दुसऱ्या.

६/ या संप्रदायांची नावेही इतिहासाच्या विद्यार्थ्याला गोड वाटावीत अशी आहेत : ‘बिग-एंडियन’ आणि ‘लिट्ल-एंडियन’. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये उकडलेले अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून युद्ध पेटते. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १९८० मध्ये ती नावे बाइटांच्या भांडणाला दिली. इलाज एका खुणेचा : आयात करताना बाइटांचा क्रम बदलून घेणे. मोडी पत्र बाळबोध समजून वाचायला घेतले, तर दोष पत्राचा नसतो. इथेही तेच घडले होते.

७/ तिसरा बिघाड : भूमी स्थिर, पण चालणारे पात्र थरथरते, हातातला कंदील एका जागी ठरत नाही. इंजिने स्थान मोजण्यासाठी बहुधा ३२ बिटांची दशांश संख्या वापरतात. १९८५ च्या आयईईई मानकाने रूढ केलेल्या या पद्धतीत सुमारे सातच अंक भरवशाचे असतात. मी नकाशावरचे खरे निर्देशांक तसेच उचलून ठेवले होते. पानशेत विषुववृत्तापासून सुमारे २० लाख ३० हजार मीटर उत्तरेला आहे.

८/ एवढ्या मोठ्या अंतरावर त्या संख्येला साडेबारा सेंटीमीटरपेक्षा बारीक पाऊल टाकताच येत नाही. म्हणून पात्र सरकत नव्हते, उड्या मारत होते. शून्यबिंदू विषुववृत्तावरून उचलून मी धरणाच्या भिंतीजवळ आणला आणि थरथर थांबली. मोजमापाचा आरंभ कुठे धरला, यावर काय नीट दिसेल हे ठरते. शके की इसवी, सुहूर की फसली, हे न पाहता पत्राची तारीख लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

९/ चौथा बिघाड मनाला लागला. वाटेवरच्या पाट्या मराठीत हव्या होत्या. ‘किल्ला’ लिहिले, तर पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसली आणि जोडाक्षर फुटून मधला हलन्त उघडा पडला. संगणकाच्या साठ्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतरच येते, कारण उच्चाराचा क्रम तोच आहे. ती डावीकडे नेऊन बसवण्याचे काम अक्षरांची जुळणी करणाऱ्या वेगळ्या प्रणालीचे. रोमी लिपीला तिची फारशी गरज पडत नाही. म्हणून अनेक साधने तिच्याविनाच घडली.

१०/ हा उच्चारक्रम ‘इस्की’ या भारतीय मानकातून युनिकोडमध्ये आला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्या काळात भारतीय लिपी संगणकावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्र आयआयटी कानपूरमध्ये जन्मले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. म्हणजे पानशेतचे पाणी जिथे पोचते, त्याच शहरात. आज अनेक साधने जुळणीसाठी ‘हार्फबझ’ ही मुक्त प्रणाली वापरतात. तिच्या नावात फारसी ‘हर्फ’, म्हणजे अक्षर, आहे. २०२३ मध्ये आलेल्या गोडो इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीतही ती आहे. जुळणीची सोय असलेला मजकूर-घटक निवडला आणि ‘किल्ला’ सावरला.

११/ उरला तो सपाट पट्टा. बिटांची संख्या पाहिली, बाइटांचा क्रम पाहिला, शून्यबिंदू पाहिला. सारे ठीक होते. मग मी साधनाला जाब विचारणे सोडले आणि साधनाचा जाब विचारतो तसा फाइलचा विचारला : तू कोणी, केव्हा आणि कशासाठी घडवलीस?

१२/ उत्तर नेमके होते. ११ ते २२ फेब्रुवारी २००० या काळात ‘एंडेव्हर’ अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. आज फुकट मिळणारे बरेच उंची-नकाशे त्या मोहिमेचे आहेत. नोंदींमधले अंतर सुमारे ३० मीटर, त्यामुळे झुंजार माचीची अरुंद सोंडही त्यात बोथट होते. रडार पाण्याच्या पृष्ठभागाखाली पाहत नाही. शिवाय ६०० मीटरांहून लांब जलाशय संपादकांनी मुद्दाम एका उंचीवर सपाट केले. माझा ‘बिघाड’ हे एक तळे होते. त्याच्यावर तारीखही होती : फेब्रुवारी २०००.

१३/ तळ्याचे नाव तानाजीसागर. आंबी मोसेला मिळते, मोसे मुठेला, आणि मुठा पुण्यातून वाहते. पानशेतचे मातीचे धरण १९६१ च्या पावसाळ्यात पहिल्यांदाच भरत होते आणि काम अजून अपुरे होते. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर नेणाऱ्या मोरीवरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंच धरण्याचा प्रयत्न केला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले.

१४/ तो लोंढा एकोणिसाव्या शतकातल्या खडकवासला धरणावर आदळला आणि तेही फुटले. नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आजही पुण्यातली जुनी माणसे घरातल्या गोष्टी ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशा लावतात. चौकशी आयोग बसला. न्या. बावडेकर यांच्या निधनानंतर तो न्या. नाईक यांच्याकडे गेला. मोरीच्या बांधकामाला सळईच्या काँक्रीटचे बळ दिलेले नव्हते, हा दोष चर्चेच्या केंद्रस्थानी राहिला. धरण पुन्हा बांधले गेले आणि १९७२ मध्ये पुरे झाले.

१५/ आपण पानशेतचा इतिहास सांगतो तो पुण्यात शिरलेल्या पाण्याचा. खोऱ्यात अडलेल्या पाण्याचा सांगत नाही. धरण फुटण्याआधीच खोऱ्यातली माणसे उठली होती. शेते, वाटा, देवळे पाण्याखाली जाणार हे ठरलेलेच होते. पुराची छायाचित्रे आहेत, अहवाल आहेत. त्या वाटांसाठी मात्र उपग्रहयुगातल्या नकाशात एकच संख्या भरलेली आहे, हजारो ठिपक्यांवर तीच ती.

१६/ ही पोकळी भरणे एडिटरमध्ये दोन मिनिटांचे काम आहे. केन पर्लिन यांनी १९८३ च्या सुमारास घडवलेली ‘नॉइज’ची पद्धत जवळपास प्रत्येक इंजिनात असते. कळ दाबली की खरी वाटणारी टेकाडे आणि ओढे तयार. मीही तेच केले, आणि ते सुंदर दिसले. मग तो तुकडा खोऱ्यातून उठून आलेल्या एका आजोबांना दाखवला. बराच वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पोरी, हितं वढा न्हवता. वढा पल्याड, देवळाच्या मागनं. ह्ये आमचं न्हाई.”

१७/ त्या रात्री तो तुकडा पुसला. आता धरणापूर्वीच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या जुन्या नकाशांच्या समोच्चरेषा हाताने गिरवते आहे. त्यातही खाच आहे. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाच्या पृथ्वी-आकारावर बेतलेले आणि आजची उपग्रह-मापने दुसऱ्या. दोन्ही तसेच एकावर एक ठेवले, तर इथे शंभर मीटरच्या घरात फरक पडतो आणि वाट नदीत उतरते. म्हणून आधी न हलणाऱ्या खुणा जुळवल्या : तोरणा, राजगड, सिंहगड. तिन्ही आपापल्या जागी बसले, तेव्हाच खोऱ्याला हात लावला.

१८/ तरी समोच्चरेषांच्या मधली जमीन हा अंदाजच असतो. म्हणून खेळात एक कळ ठेवली आहे. ती दाबली की रडारने मोजलेली भूमी एका रंगात दिसते, जुन्या नकाशावरून घेतलेली दुसऱ्या आणि माझ्या अंदाजाने भरलेली तिसऱ्या. आजोबांनी सांगितलेल्या ओढ्याला चौथा रंग आहे. शोधनिबंधात आपण तळटीप देतो, तीच ही तळटीप.

१९/ तुमच्यापैकी कोणी किल्ला, पेठ किंवा बंदर एडिटरमध्ये उभे करत असाल, तर साधनाला दोष देण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा. फाइल किती बिटांची? बाइटांचा क्रम कोणता? शून्यबिंदू कुठे? नकाशा कोणत्या पृथ्वी-आकारावर? आणि मोजणी कोणत्या तारखेची? पहिले चार चुकले तर पडदाच ओरडून सांगतो. पाचवा चुकला तर काहीच बिघडलेले दिसत नाही. चित्र सुरेख दिसते आणि एक खोरे गायब असते.

२०/ आपल्या घरात पानशेत खोऱ्यातले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याजवळ बसा. गावचा ओढा कोणत्या अंगाने वाहत होता, देवळाचे तोंड कुठे होते, पाणवठ्याची वाट कशी होती, एवढेच विचारा आणि लिहून ठेवा. तारखेसह. माझ्या उंची-नकाशात चौथ्या रंगाचा आज एकच ओढा आहे. (धागा समाप्त)