पिशवी काढायची की ठेवायची?

आज जरा अवघड विषय काढणार आहोत. घरात पुरुषमंडळी असतील तर रेडिओचा आवाज कमी करू नका. त्यांनीही ऐकावं असाच हा विषय आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची बैठक श्रीवर्धनला एका वाडीतल्या पडवीत भरली होती. सुपारी निवडता निवडता गप्पा चालल्या होत्या. आमच्यातली एक सून, वय २८, पदरात दोन मुलं, एकदम म्हणाली, “मी पिशवी काढून टाकतेय. दिवाळीनंतरची तारीखसुद्धा मिळालीय.” क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, “बरं होईल गो, सुटशील एकदाची.” दुसऱ्या म्हणाल्या, “एवढ्यात? अजून पोरसवदा आहेस तू!”

तिचं दुखणं खोटं नव्हतं. तीन वर्षं महिन्यातले दहा-दहा दिवस अंगावरून जायचं. वाडीत वाकून काम करताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तपासायचं म्हटलं की माणगावला नाहीतर अलिबागला जायचं, म्हणजे दिवसभराचा प्रवास आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, “पिशवी खराब झालीय, ठेवलीस तर पुढे कॅन्सर होईल.” त्या एका वाक्याने तिची झोप उडाली होती.

आम्ही काही डॉक्टर नाही. तिला हो म्हणावं की नाही, हे आम्हाला कळेना. म्हणून आम्ही वेगळा रस्ता धरला. हे ऑपरेशन आलं कुठून, ते कुणाकुणावर झालं, त्यातून बायकांना काय मिळालं आणि त्यांनी काय गमावलं, ते वाचायला घेतलं. त्यात जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पाळीचा त्रास काही आजचा नाही. चरकसंहितेत स्त्रियांच्या वीस योनिव्यापदी सांगितल्या आहेत आणि अति रक्तस्रावाला ‘प्रदर’ असं नावही दिलेलं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनाही हे दुखणं माहीत होतं. प्राचीन ग्रीक ग्रंथांत तर असं लिहिलेलं आहे की गर्भाशय शरीरात जागा सोडून फिरतं आणि त्यामुळे बाई आजारी पडते. ‘हिस्टेरिया’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरूनच आला. बाईचं काहीही दुखलं तरी दोष पिशवीला, ही खोड इतकी जुनी आहे.

पोट उघडून गर्भाशय काढण्याची सुरुवात १९व्या शतकातली. १८४३ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला चार्ल्स क्ले या डॉक्टरने असं ऑपरेशन केलं, पण रुग्ण वाचली नाही. १८५३ मध्ये अमेरिकेत वॉल्टर बर्नहॅम यांची रुग्ण वाचली. त्या काळी जंतू म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं आणि डॉक्टर हातही नीट धूत नसत. पुढे जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली, आणि हळूहळू बायका ऑपरेशनमधून जगू लागल्या.

पण धोका कमी झाला तशी घाई वाढली. १८७२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी नावाच्या डॉक्टरने तिशीतल्या एका बाईचे अंडाशय काढून टाकले. तिला पाळीचा फार त्रास होता आणि तो कायमचा बंद करावा असा त्यांचा विचार होता. ती बाई जगली. मग त्या ऑपरेशनची लाटच आली. युरोप-अमेरिकेत कितीतरी तरुण बायकांचे चांगले अंडाशय काढले गेले. कुणाचं पोट दुखत होतं, तर कुणी नुसतीच ‘चिडचिडी’ होती. काही वर्षांनी डॉक्टरांमध्येच ओरड सुरू झाली आणि विसावं शतक उजाडेपर्यंत ती लाट ओसरली. अंडाशय शरीरासाठी काय काम करतात, हे नीट कळलं ते त्यानंतर. आधी काढले आणि मग कळलं, असा तो प्रकार झाला.

आपल्याकडे तेव्हा बाई डॉक्टरला दाखवायलाच जात नव्हती. आनंदीबाई जोशी यांचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. बायकांना बाईडॉक्टर हवी, पुरुषासमोर त्या आपलं दुखणं बोलत नाहीत, हेच सांगत त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. आनंदीबाई १८८७ मध्ये गेल्या. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र मागे राहिला. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि शरीराबद्दल मराठीत उघडपणे लिहिलं, म्हणून त्यांच्यावर खटले झाले. बोलणं एवढं महाग होतं.

आता इतिहासातली दुसरी बाजू. ती वाचून आम्हाला फार बरं वाटलं. लंडनमध्ये व्हिक्टर बॉनी नावाचे मोठे शल्यविशारद होते. लग्नानंतर थोड्याच काळात त्यांच्या पत्नीचं गर्भाशय गाठींमुळे काढावं लागलं. त्यांना मूल झालं नाही. हे दुःख त्यांनी कामात घातलं. गाठ काढायची आणि पिशवी राखायची, ही शस्त्रक्रिया त्यांनी सुधारली आणि आयुष्यभर तिचा आग्रह धरला. आपल्या मुंबईतही तसंच झालं. बाळंतपणानंतर अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांची पिशवी काढून न टाकता ती वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी बसवल्या. त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. शिरोडकर तर आपल्या कोकणपट्टीतलेच, मूळ गोव्याचे. म्हणजे ‘राखता येईल ते राखावं’ हा विचार आपल्या डॉक्टरांनीही मांडला आहे.

औषधंही आली. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १९६२ मध्ये जपानमध्ये सापडलं. ते शोधणाऱ्या उताको ओकामोतो या स्वतः आई होत्या, पतीसोबत प्रयोगशाळेत काम करत होत्या. आपल्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने संततिनियमनासाठी एक गोळी बनवली. ती १९९१ मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आली. आता सरकारी दवाखान्यात ती ‘छाया’ नावाने मिळते. काही डॉक्टर जास्त रक्तस्रावासाठीही ती देतात. पिशवीत बसवायची हार्मोनवाली तांबी आहे, तिनेही स्राव पुष्कळ कमी होतो. अर्थात यातलं कुठलंही औषध शेजारणीच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही.

एवढं सगळं असताना गावातल्या बाईपर्यंत काय पोहोचलं? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका किती? फक्त ८ टक्के! म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव आजारी आणि शंभरातल्या ब्याण्णव कधी न तपासलेल्या. हे आकडे आमच्या बैठकीत वाचले तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्यातही हात वर करायला सांगितलं असतं तर किती हात वर झाले असते?

दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढायचं आणि एक दिवस थेट ऑपरेशन टेबलावर चढायचं. मधल्या पायऱ्या आपल्या वाट्याला येतच नाहीत.

आणि कधी कधी पिशवी बाईच्या सोयीसाठी नव्हे, दुसऱ्याच्या सोयीसाठी जाते. १९९४ च्या फेब्रुवारीत पुण्यात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही, असं कारण दिलं गेलं. स्त्री-संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर आले, तेव्हा पुढची ऑपरेशनं थांबली. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. सांभाळायला माणसं कमी पडतात, त्याची शिक्षा मुलींच्या शरीराला का?

मग २०१९ मध्ये बीड जिल्ह्याची बातमी आली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका विशी-तिशीतच पिशवी काढून घेत होत्या. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड बसतो. फडात ना संडास, ना पाणी, ना आडोसा. पाळीत दुखलं तरी थांबायची सोय नाही. त्यातून होणारे आजार, त्यात कॅन्सरची भीती, आणि ऑपरेशन करायला खाजगी दवाखाने तयार. जून २०१९ मध्ये सरकारने विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत बीडमधल्या ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्याला हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल, असं ठरलं.

देशभरचं चित्र म्हणाल, तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या साधारण तीन बायकांची पिशवी काढलेली होती. त्यातली बहुतेक ऑपरेशनं खाजगी दवाखान्यांत झाली होती आणि निम्म्याहून जास्त जणींनी कारण सांगितलं, खूप अंगावरून जात होतं. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ ला निकाल दिला. विनाकारण गर्भाशय काढणं रोखण्यासाठी केंद्राने केलेले नियम सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावेत, असं न्यायालयाने सांगितलं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग ऑपरेशन वाईटच. तसं नाही हो. आमच्यातल्याच एका ताईंची पिशवी ४४व्या वर्षी काढली. मोठमोठ्या गाठी होत्या, हिमोग्लोबिन पार खाली गेलं होतं, औषधांचे सगळे प्रयत्न करून झाले होते. त्या आज म्हणतात, “मला नवा जन्म मिळाला.” कॅन्सर असेल तर हेच ऑपरेशन जीव वाचवतं. औषधं करून थकलेली तरुण बाई सगळं समजून-उमजून ते मागत असेल, तर तिला “तुला काय कळतं” म्हणून गप्प बसवणं हाही अन्यायच. शरीर तिचं आहे. आमचं म्हणणं इतकंच की निर्णय माहितीने व्हावा, भीतीने नव्हे.

म्हणून आम्ही त्या सुनेसोबत बसून एका कागदावर प्रश्न लिहिले. तुम्हीही लिहून घ्या. माझ्या त्रासाचं नेमकं कारण काय? गाठ, थायरॉईड, तांबी, रक्त न गोठण्याचा दोष, की आणखी काही? सोनोग्राफी आणि रक्ततपासणीत काय निघालं? कॅन्सरची भीती कुठल्या तपासणीवरून घातली? औषध किंवा हार्मोनवाली तांबी देऊन बघता येईल का, आणि किती महिने? नुसती गाठ काढता येईल का? पिशवी काढलीच तर अंडाशय ठेवणार ना? कारण तरुणपणी अंडाशय गेले की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. आणि शेवटचा प्रश्न, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं का?

कागद घेऊन ती दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. आमच्यातल्या दोघी सोबत गेल्या. घरी मुलांना सासूबाईंनी सांभाळलं, आणि ही गोष्टसुद्धा इतिहासात लिहून ठेवावी अशीच आहे. तपासणीत थायरॉईड बिघडलेलं निघालं, रक्त फार कमी निघालं. कॅन्सरची काही खूण नव्हती. उपचार सुरू झाले. दिवाळीनंतरची तारीख तिने रद्द नाही केली, पुढे ढकलली. “सहा महिने बघते. नाहीच जमलं तर ऑपरेशन करीन, पण कशासाठी करतेय ते मला ठाऊक असेल,” असं ती म्हणाली.

तिचं पुढे काय होईल, हे आम्ही आज सांगू शकत नाही. पण त्या पडवीत सुपारी निवडताना आता आम्ही एकमेकींना विचारतो, “या महिन्यात कसं गेलं?” ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर सुपारीची नवी रोपं लावली, ती वाढायला वर्षं लागतात हे आम्हाला माहीत आहे. उभं झाड तोडायला मात्र घटकाभर पुरते. म्हणून कुऱ्हाड उचलण्याआधी झाडाला कीड कुठे लागलीय ते बघावं, एवढं वाडीतल्या बाईला कुणी शिकवायला नको. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत तेवढी सवड आपण स्वतःला देऊया.