फुकटातलं भाषण

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करताना 'आयटी कॉन्व्हर्सेशन्स' नावाचं फोल्डर सापडलं आणि कंपनीच्या बसमधल्या सकाळी आठवल्या. कानात बोंडं घातली की मी थेट अमेरिकेतल्या परिषदेत!

डग के यांनी हा उद्योग २००३ साली सुरू केला. तेव्हा 'पॉडकास्ट' हा शब्दही जन्मला नव्हता. तो २००४ मध्ये छापून आला. आधी मुलाखती, मग परिषदांमधली भाषणं, सगळं एमपीथ्रीमध्ये आणि फुकट. आवाज साफसूफ करायला स्वयंसेवक होते.

आता कुणालाही वाटेल, भाषण फुकट मिळालं तर तिकीट कोण काढणार? उत्तर 'टेड'ने दिलं. २७ जून २००६ ला त्यांनी पहिली सहा भाषणं नेटवर मोकळी केली. त्यांच्या परिषदेचं तिकीट मात्र आजही हजारो डॉलरला जातं. लोक पैसे मोजतात ते भेटीगाठींचे. भाषण वाटल्याने कमी होत नाही.

'आयटी कॉन्व्हर्सेशन्स' २०१२ च्या अखेरीस थांबलं. पण वाटून टाकलेलं माझ्याकडे अजून शिल्लक आहे. आपल्याकडच्या किती चांगल्या भाषणांबद्दल असं म्हणता येईल? पुढच्या वेळी रेकॉर्डर लावा राव!