विश्वसनीयता (विज्ञानकथा व अद्भुतकथा)

प्रत्यक्षात न घडणाऱ्या घटना कथेपुरत्या खऱ्या वाटाव्यात, यासाठी योजलेल्या रचनातंत्रातून साधणारा वाङ्मयीन गुण. कथेने स्वतःच घालून दिलेल्या नियमांशी शेवटपर्यंत इमान राखणे, हा त्याचा गाभा होय.

सैद्धांतिक भूमिका : काव्यातील अद्भुत अनुभवताना वाचक आपला अविश्वास स्वेच्छेने काही काळ बाजूला ठेवतो, असे इंग्रज कवी कोलरिज यांनी १८१७ साली मांडले. जे. आर. आर. टोल्कीन यांना हे अपुरे वाटले. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात १९३९ साली परीकथांविषयी दिलेल्या व्याख्यानात त्यांनी लेखकाला दुय्यम सृष्टीचा निर्माता मानले. अशा सृष्टीत शिरलेला वाचक तिच्या नियमांनुसार खरोखर विश्वास ठेवतो. अविश्वास प्रयत्नाने दाबावा लागला, तर ते कलेचे अपयश ठरते.

गृहीतक व परिणाम : एका कथेत एकच अशक्य गोष्ट गृहीत धरावी आणि बाकी सारे रोजच्या जगण्यातले ठेवावे, असे एच. जी. वेल्स यांचे मत होते. त्यांच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१८९७) या कादंबरीतील ग्रिफिन अदृश्य होतो. पण त्याचे कपडे दिसतात, म्हणून थंडीत उघडे फिरावे लागते. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहते. पापण्याही पारदर्शक झाल्याने डोळे मिटूनही उजेड थांबत नाही. या अडचणींमुळेच त्याची अदृश्यता पटते. हॅल क्लेमेंट यांच्या ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’मध्ये (१९५३) मेस्क्लिन या ग्रहावरील गुरुत्वाकर्षण विषुववृत्तावर पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवांवर शेकडो पट आहे. तेथील जीव बुटके आणि जमिनीलगत सरपटणारे आहेत. थोड्याशा उंचीचीही त्यांना दहशत वाटते. एका भौतिक नियमातून शरीर, भय आणि संस्कृती अशा तिन्ही गोष्टी येथे उभ्या राहतात.

मर्यादा व किंमत : अमर्याद शक्ती कथेतील ताण नाहीसा करते. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (१९६८) मंत्रासाठी वस्तूचे खरे नाव ठाऊक असावे लागते आणि प्रत्येक मंत्राने जगाचा समतोल ढळू शकतो. गर्वाने केलेल्या मंत्राची किंमत नायक गेड पुढे दीर्घकाळ मोजतो. आयझॅक आसिमॉव्ह यांच्या ‘रनअराउंड’ (१९४२) या कथेत यंत्रमानवाचे तीन नियम स्पष्टपणे येतात. आज्ञापालन आणि आत्मरक्षण यांच्या ओढाताणीत बुध ग्रहावरील यंत्रमानव एकाच जागेभोवती घिरट्या घालू लागतो. येथे नियमांतूनच पेच निर्माण होतो आणि उकलही नियमांतूनच सापडते.

निवेदन व तपशील : जॉनथन स्विफ्ट यांच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) नकाशे, मोजमापे आणि दर्यावर्दी माणसाचे कोरडे निवेदन आहे. लिलिपुटमधील माणसे, जनावरे आणि झाडे यांच्या आकाराचे प्रमाण सर्वत्र जवळपास सारखेच राखले आहे. टोल्कीन यांनी पात्रांचा प्रवास, अंतरे, तारखा आणि चंद्रकला जुळाव्यात म्हणून वेळापत्रके तयार केली. माहिती पुरवण्याचे तंत्रही महत्त्वाचे असते. रॉबर्ट हाइनलाइन यांनी ‘बियाँड धिस होरायझन’मध्ये (१९४२) डोळ्याच्या बाहुलीसारखे विस्फारणारे दार कसलाही खुलासा न करता, जाता जाता उल्लेखिले. पात्रांना ज्याचे नवल नाही, ते वाचकही सवयीचे मानतो.

मराठी विज्ञानकथा : खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या कथालेखनाची सुरुवात मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेने झाली. त्यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डावी-उजवी बाजू उलटण्याची भूमितीय कल्पना गणपतीची मूर्ती आणि क्रिकेट यांच्याशी जोडली आहे. कल्पना अमूर्त असली, तरी तिचे परिणाम मराठी वाचकाच्या ओळखीच्या जगात दिसतात, म्हणून ती सहज पोहोचते.

सामान्य दोष : पात्रांनी एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती सांगत बसणे, संकट कोसळल्यावर आधी न सूचित केलेली शक्ती प्रकट होणे आणि मोठ्या शोधानंतरही समाजव्यवहार जसाच्या तसा राहणे, हे नेहमी आढळणारे दोष होत. तपशिलांचा भडिमार करून ते झाकता येत नाहीत. नवा तपशील घालण्यापूर्वी त्यामुळे कोणाचे काम, नाते किंवा भीती बदलते, हे लेखकाने ठरवावे; काहीच बदलत नसेल, तर तो तपशील गाळणे इष्ट.