गप्प बसणाऱ्या रिलेची परीक्षा

आजची गोष्ट एका अशा यंत्राची, ज्याचं निम्मं काम गप्प बसणं आहे. आणि ते नीट गप्प बसतंय की नाही, हे तपासणं हीच खरी गंमत.

चला, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या परिसरात. 1901 मध्ये तिथं नेपच्यून बँक वीजकेंद्र सुरू झालं. कारखाने, केबल, ट्रान्सफॉर्मर सगळं एकमेकांना जोडलं जात होतं. मग प्रश्न आला: बिघाड झाला, तर नेमका तेवढाच भाग कसा तोडायचा? 1904 मध्ये चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. आत गेलेला करंट आणि बाहेर आलेला करंट मोजा. सारखा असेल तर सगळं ठीक. फरक पडला, म्हणजे मधेच कुठंतरी करंट वाट चुकलाय. तोडा!

आता एक जत्रा डोळ्यासमोर आणा. देवळाच्या दोन दारांवर दोन माणसं मोजायला बसलीत. एरवी दोघांचे आकडे जुळतात. पण यात्रेच्या दिवशी रेटारेटी झाली की दोघंही चुकतात, आणि वेगवेगळं चुकतात. आत कुणीच अडकलेलं नसतं, तरी हिशोबात पन्नास माणसं गायब!

करंट मोजणाऱ्या सीटींचंही अगदी हेच होतं. बाहेर लांब कुठंतरी शॉर्टसर्किट झालं की प्रचंड करंट धावतो, एक सीटी दुसऱ्याआधी सॅच्युरेट होतो आणि खोटा फरक दिसतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलला की थोडा फरक कायमच राहतो. मग धडधाकट ट्रान्सफॉर्मर उगाच बंद पडणार.

उपाय काय? जेवढी गर्दी जास्त, तेवढी चूक माफ. रिलेमध्ये दोन कॉइल आल्या: फरकावर चालणारी ‘ऑपरेटिंग’ आणि वाहत्या करंटवर मागे खेचणारी ‘रिस्ट्रेंट’. फरक ठरलेल्या टक्क्याच्या वर गेला, तरच ट्रिप. हाच परसेंटेज डिफरेन्शियल रिले. 1931 मध्ये ट्रान्सफॉर्मरसाठी या पद्धतीवर आर. ई. कॉर्ड्रे यांचा अमेरिकेत लेख आला. पण ट्रान्सफॉर्मर सुरू करताना करंटचा लोंढा एकाच बाजूनं येतो, तिथं टक्केवारी पुरत नाही. 1938 मध्ये केनेडी आणि हेवर्ड यांनी त्या लोंढ्यातल्या हार्मोनिकच वापरून रिलेला रोखायचा मार्ग मांडला.

आता टेस्टिंग. एकाच बाजूनं थोडा करंट सोडून रिले ‘उठतो’ एवढंच बघितलं, तर रोखणारी बाजू शाबूत आहे का, हे जवळपास कळतच नाही. म्हणून दोन्ही बाजूंना करंट द्यायचा. समजा, दोन्हीकडं 5 अँपिअर. मग एक बाजू हळूहळू कमी करायची आणि ट्रिप कुठं होतं ते टिपायचं.

स्लोप 25 टक्के धरू. पण 25 टक्के कशाचे? मोठ्या करंटचे असतील तर ट्रिप 3.75 अँपिअरला. दोघांच्या सरासरीचे असतील तर 3.89 ला. लहान करंटचे असतील तर बरोबर 4 ला. टक्का तोच, उत्तरं तीन! रिले बनवणाऱ्यानं कोणती व्याख्या घेतलीय हे न वाचता टेस्ट केली, तर चांगला रिले ‘फेल’ ठरतो. मग कुणीतरी सेटिंग ‘दुरुस्त’ करतं, आणि खरी चूक तिथं जन्माला येते.

ती चूक त्या दिवशी दिसत नाही. अनेक महिने सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या वादळी रात्री बाहेरच्या लाइनवर फांदी पडते आणि काहीच न बिघडलेला ट्रान्सफॉर्मर अख्ख्या भागाला अंधारात टाकतो. किंवा उलटं होतं: आत खरंच जळतंय आणि रिले शांत आहे.

आज लॅपटॉप जोडून टेस्ट किट हे आलेख मिनिटांत काढतं. आपण सॉफ्टवेअरवाले याला फॉल्स अलार्म म्हणतो, चुकीचा मेसेज येतो आणि झोपमोड होते, बस्स. इथं मात्र वीज जाते. म्हणून प्रश्न कायम दोनच: बोलायचं तेव्हा बोलतो का? आणि गप्प बसायचं तेव्हा बसतो का? दुसरा विचारायला लोक विसरतात.