दागोनला शेपूट कसं फुटलं

झगे घातलेली माणसं, पलिते, तळघरातली वेदी आणि वेदीपलीकडे कसलं तरी अगडबंब, खवल्याखवल्यांचं जनावर. त्याला माणसं बळी द्यायची आणि बदल्यात सत्ता, सोनं नाहीतर अमरत्व मागायचं. फँटसी वाचणाऱ्या किंवा खेळणाऱ्या कुणालाही हा देखावा पाठ असतो. दर तिसऱ्या गुहेत असा एखादा पंथ दबा धरून बसलेला असतोच. या पंथांच्या दैवतांत एक नाव पुन्हापुन्हा भेटतं: दागोन. इंग्रजीत त्याचा डेगॉन होतो. मराठी बायबलात दागोन म्हणतात, तेच मी वापरतो. खोल समुद्रातला, अर्धा मासा, नरबळी घेणारा. हा दागोन कुणा लेखकानं रचलेला नाही. त्याची खरी देवळं होती, पुजारी होते, राजे त्याच्यापुढे वाकत होते. फक्त माशाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तो धान्याचा देव होता असं माझं पक्कं मत आहे, आणि त्याला शेपूट कसं फुटलं याची गोष्ट मला त्याच्या सगळ्या बळींपेक्षा रंजक वाटते.

सुरुवात झटकन उरकतो. आजच्या सीरियात, युफ्रेटिसच्या मधल्या टप्प्यात, तुत्तुल, तेर्का आणि मारी इथे दागान नावाचा मोठा देव होता. अक्कादचा सम्राट सार्गोन तुत्तुलला त्याच्यापुढे वाकला आणि दागाननं त्याला वरचा मुलूख बहाल केला, असं सार्गोनच्या लेखांत नोंदलेलं आहे. सत्तेसाठी दागोनच्या पाया पडण्याची प्रथा म्हणजे सव्वाचार हजार वर्षांची झाली. पुढे किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये बाल या वादळदेवाला दागानचा मुलगा म्हणत, आणि तिथल्या भाषेत त्याच अक्षरांचा शब्द धान्यालाही होता. मारी भूमध्य समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. या सगळ्या पसाऱ्यात शेपूट कुठेही नाही.

ते शोधायचं तर पलिष्ट्यांच्या अश्दोद शहरात जावं लागतं. पलिष्टी लोकांनी इस्राएलचा कराराचा कोश लढाईत पळवला आणि अश्दोदच्या देवळात दागोनशेजारी नेऊन ठेवला. बायबल, पहिला शमुवेल, पाचवा अध्याय. सकाळी पाहतात तर मूर्ती कोशापुढे पालथी. उचलून परत जागेवर ठेवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा पालथी, आणि या खेपेला डोकं आणि दोन्ही हातांचे पंजे तुटून उंबरठ्यावर. त्यापुढचे हिब्रू शब्द विचित्र आहेत: त्याच्यावर उरला तो फक्त दागोन, असा काहीसा त्यांचा अर्थ होतो. आता डोकंही दागोनचंच आणि पंजेही त्याचेच, मग उरलेला दागोन कुठला?

या एका वाक्यानं दोन हजार वर्षं टीकाकारांना घोळवलं आहे. ग्रीक भाषांतरकारांना हिब्रूतला ‘राक’, म्हणजे ‘फक्त’, नीट झेपला नसावा. त्यांनी जवळचा ध्वनी पकडून ‘राखिस’ लिहिलं, म्हणजे कणा. तिथे दागोनचा कणा उरतो. बायबलाचा लॅटिन भाषांतरकार जेरोमनं ‘धड’ घालून प्रश्न मिटवला. पण त्याच जेरोमनं हिब्रू नावांच्या अर्थांची यादी केली तेव्हा दागोनपुढे दुःखाचा मासा असा अर्थ लिहिला. कारण हिब्रूत ‘दाग’ म्हणजे मासा. ‘दागान’ म्हणजे धान्य. फरक काय तो एका ‘न’चा. (दागान आणि आपलं धान्य यांचं नातं जोडण्याचा मोह कृपया आवरावा. तो शुद्ध योगायोग आहे, आणि अशाच योगायोगानं पुढचा सगळा घोळ झाला.)

अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी या भाष्यकारानं दागोनची मूर्ती माशाच्या आकाराची होती असं लिहून टाकलं. त्यानंतरच्या दाविद किम्हीनं कोडं पूर्ण सोडवलं: बेंबीच्या वर माणूस, बेंबीच्या खाली मासा. डोकं आणि हात हा माणसाचा भाग तुटला, उरला तो ‘दाग’, म्हणजे मासा. किती सुबक! अडलेलं वाक्य सुटावं म्हणून देवाला शेपूट जोडलं. १८७१ मध्ये युलिउस वेल्हाउझेन या जर्मन पंडितानं तर मूळ शब्दातला शेवटचा ‘न’च उडवून ‘त्याचा मासा’ असा पाठ सुचवला. पुढचा शब्दही ‘न’नंच सुरू होतो, त्यामुळे नकलनविसाकडून एक ‘न’ दोनदा पडला हे पटण्यासारखं आहे. मला मात्र ते पटत नाही.

बायबलातल्या दागोनच्या गोष्टी सलग वाचा आणि त्यांत काय आहे ते बघा. इस्राएलचा वीर शमशोन तीनशे कोल्ह्यांच्या शेपट्यांना मशाली बांधून पलिष्ट्यांच्या उभ्या पिकात सोडतो. सुड्या जळतात, जैतुनाच्या बागा जळतात. पुढे तो पकडला जातो, त्याचे डोळे काढतात आणि गाझाच्या तुरुंगात त्याला दळायला बसवतात. मग पलिष्टी दागोनचा उत्सव मांडतात, कारण देशाची नासाडी करणारा शत्रू देवानं त्यांच्या हाती दिला. पीक जाळणाऱ्याला धान्याच्या देवानं जात्याला जुंपलं, याहून चोख न्याय कुठला? शमुवेलातही कोश परत पाठवताना पलिष्टी सोबत सोन्याचे पाच उंदीर देतात, त्यांच्या जमिनीची नासाडी करणाऱ्या उंदरांच्या प्रतिमा म्हणून. अख्ख्या प्रकरणात एक जाळं नाही की होडी नाही. एवढ्यानं कोर्टात खटला जिंकता येणार नाही हे कबूल. पण दागोनला धान्याचा देव ठरवणारा मी पहिला नव्हे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या बिब्लोसच्या फिलोनं दागोन हा धान्याचा आणि नांगराचा शोध लावणारा देव असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे, आणि तो याच किनारपट्टीचा माणूस होता.

विरोधी पक्षाकडेही पुरावे आहेत. आर्वाद या फिनिशियन बेटावरच्या इसवीसनपूर्व चौथ्या शतकातल्या नाण्यांवर माशाच्या शेपटीचा एक दाढीवाला देव आहे. मात्र त्याच्याखाली दागोन असं लिहिलेलं नाही, आणि समुद्रावर पोट असलेल्या बेटाच्या नाण्यावर मासा असणं यात नवल ते काय? दुसरा पक्ष अरबीतल्या ढगाळ, पावसाळी हवेच्या शब्दाशी नातं जोडून दागोनला पावसाचा देव करतो. तो मला चालतो; पाऊस आला की पीक येतंच. तिसरा पक्ष सगळ्यांत गंमतीचा. बेरोसस या बाबिलोनी पुजाऱ्याच्या वृत्तांतात समुद्रातून येऊन माणसांना विद्या शिकवणारे मत्स्यपुरुष आहेत, त्यांतल्या एकाचं नाव ओदाकोन. ऑस्टिन लेयार्डला असिरियातल्या उत्खननात माशाचं कातडं पांघरलेल्या माणसांची शिल्पं सापडली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांनी ती झटकन दागोनच्या नावावर टाकली. अलेक्झांडर हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री आणखी पुढे गेला: पोपच्या डोक्यावरची दुभंगलेली टोपी म्हणजे दागोनच्या पुजाऱ्याच्या माशाचं उघडं तोंड. ही शिल्पं खरं तर अपकल्लू नावाच्या ऋषींची. पण चित्र छापून गेलं होतं, आणि छापलेलं चित्र खोडता येत नाही.

त्याआधीच १६६७ मध्ये मिल्टननं ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये नरकातल्या सेनापतींची हजेरी घेताना दागोनला वर माणूस, खाली मासा असा समुद्रराक्षस करून बसवलं होतं. किम्हीचा तोडगा आता महाकाव्यात गेला. तिथून तो न्यू इंग्लंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावी जन्मलेल्या एच. पी. लव्हक्राफ्टपर्यंत पोचला. जुलै १९१७ मध्ये त्यानं ‘दागोन’ ही छोटी कथा लिहिली. पहिल्या महायुद्धात जर्मन जहाजाच्या तावडीतून सुटलेला एक खलाशी वर उसळून आलेल्या समुद्रतळावर अडकतो आणि एका शिलास्तंभाला मिठी मारणारं अजस्र काहीतरी पाहतो. परत आल्यावर तो एका नामांकित मानववंशशास्त्रज्ञाला पलिष्ट्यांच्या मत्स्यदेवाबद्दल विचारतो. मत्स्यदेव! जेरोम, राशी, किम्ही, मिल्टन, सगळे त्या एका प्रश्नात हजर आहेत.

पंथ मात्र अजून जन्मलेला नव्हता. तो जन्मला १९३१ मध्ये लिहिलेल्या ‘द शॅडो ओव्हर इन्समाउथ’मध्ये. इन्समाउथ हे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचं कल्पित गाव. १८१२ च्या युद्धानंतर तिथला धंदा बसला, मासळी मिळेनाशी झाली. कॅप्टन ओबेड मार्श पॅसिफिकच्या एका बेटावरून युक्ती शिकून आला: समुद्रातल्या ‘खोलवासीं’ना माणसं द्यायची, ते मासे आणि सोनं देतात. देवाची प्रार्थना करून उपाशी राहणाऱ्या गावकऱ्यांना त्यानं सांगितलं की हाकेला धावणारे दुसरे देव आहेत. मग बंदरात माशांचे थवे शिरू लागले, बोस्टनपर्यंत माल जाऊ लागला. गावातला फ्रीमेसनांचा हॉल पंथानं विकत घेतला आणि तिथं ‘एसोटेरिक ऑर्डर ऑफ दागोन’ थाटली. पुढे दागोनच्या तीन शपथा, खोलवासींशी लग्नं, आणि म्हातारपणी कल्ले फुटून समुद्रात उतरणारी अमर प्रजा.

या व्यवहाराचा गाभा बघा. आधी उपासमार, मग नवस, मग अन्नाचा पूर. सोनं आणि अमरत्व नंतर. लव्हक्राफ्टनं मत्स्यदेव म्हणून ज्याला आणलं, त्याला नकळत त्याचं मूळ खातंच परत दिलं: पोटाला घालणं. हा माझा लाडका सिद्धांत आहे आणि तो मी सोडणार नाही. समीक्षक म्हणतात की इन्समाउथची मुळं आयर्विन कॉबच्या १९१३ च्या ‘फिशहेड’मध्ये आणि रॉबर्ट चेंबर्सच्या ‘द हार्बर-मास्टर’मध्ये आहेत, आणि रक्ताच्या सरमिसळीबद्दलची लव्हक्राफ्टची कुरूप वांशिक भीती सगळ्याच्या तळाशी आहे. ती भीती तर पानोपानी दिसते. मासेही त्याला सहन होत नसत. कोकणातल्या एखाद्या सुकटीच्या बाजारात उभा केला असता तर त्यानं कादंबरीच लिहिली असती. पण मत्स्यमानव कॉबकडून आला म्हटलं तरी नवस कुठून आला? १९२६ च्या ‘द कॉल ऑफ कथुलू’मध्ये तो मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझरच्या ‘गोल्डन बाउ’चं नाव घेतो, आणि फ्रेझरनं त्या ग्रंथमालेचे दोन खंड धान्याच्या आणि रानाच्या दैवतांवर खर्च केले आहेत. धागा तिथे असावा.

गुप्त पंथाचा साचा हिंदुस्थानातून गेला, असंही कुणी म्हणू शकेल. निजामाच्या नोकरीतल्या मेडोज टेलरनं १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहून भवानीचा कौल घेऊन गळे आवळणारे ठग इंग्रजी वाचकांच्या घराघरांत नेले, आणि साहसकथांना गुप्त खुनी पंथांचं वेड लागण्यात या ठगांचा वाटा नक्कीच आहे. पण ठगांची देवी हिंस्र असली तरी जनावर नव्हे, आणि ते तिच्यासारखे व्हायलाही जात नाहीत. इन्समाउथमध्ये भक्ताचाच देव होतो, म्हणजे मासा होतो.

शेपटीसारखीच गोष्ट दागोनच्या एका सोबत्याचीही आहे, म्हणून ती सांगून टाकतो. रोमन कवी स्टॅटिअसच्या एका ओळीवर टीपा लिहिताना प्राचीन टीकाकारानं सृष्टिकर्त्याला ‘देमिउर्गोस’ म्हटलं असावं. नकला होताहोता त्याचा ‘डेमोगॉर्गन’ झाला. इटालियन लेखक बोकाचिओनं त्याला सगळ्या देवांचा मूळपुरुष केलं. १९७६ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुरवणीत तो राक्षसांचा राजा झाला आणि २०१६ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे घरोघरी पोचला. दागोनही पुढे त्याच खेळाच्या राक्षसराजांत जाऊन बसला. तिथल्या ‘कुओ-तोआ’ या मत्स्यमानवांचा १९७८ चा पहिला अवतार सरळसरळ खोलवासींचा चुलतभाऊ आहे. ते ब्लिबडूलपूल्प नावाच्या देवीला भजतात. तिला शेवंडाचं डोकं आहे. २०१४ च्या आवृत्तीत त्यांना नवा गुण चिकटला: वेडाच्या भरात ते देव कल्पतात, आणि पुरेशा जणांनी मानलं की तो देव खरोखर उभा राहतो. हे लिहिणाऱ्यानं किम्ही वाचला असेल असं वाटत नाही, पण वाचला असता तरी याहून नेमकं लिहिता आलं नसतं.

सगळ्यांत दूर गेलेला दागोन ‘द एल्डर स्क्रोल्स’ या गेममालेत आहे. मेहरून्स दागोन: चार हात, आगीसारखा लाल, विनाश आणि महत्त्वाकांक्षा यांचा स्वामी. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये ‘मिथिक डॉन’ नावाचा त्याचा पंथ आरंभीच सम्राटाचा खून पाडतो. समुद्र नाही, मासा नाही, कणीस तर नाहीच. माझा तर्क असा की तोवर दागोन या नावातच पंथ, बळी आणि भयानक देव एवढं भरलेलं होतं की शेपूट लावायची कुणाला गरज वाटली नाही. खेळाडू वेश पालटून पंथाच्या गुहेत शिरला की दीक्षा म्हणून त्याच्या हातात सुरा देतात आणि वेदीवरच्या कैद्याला मारायला सांगतात. तो कैदी आर्गोनियन असतो, पालीसारख्या तोंडाचा, पाण्याखाली श्वास घेऊ शकणारा. त्या गुहेत खवले असलेला तोच एक.