दुधाळ तेलाची कैफियत

इंजिनातील तेलाची पातळी पाहण्याची जी लांबट पोलादी पट्टी असते, तिला आपल्याकडे कोणी काडी म्हणतात, कोणी गेज म्हणतात, आणि इंग्रजीचा मान राखणारे डिपस्टिक म्हणतात, परंतु ती ओढून काढल्यावर टोकाशी काळसर सोनेरी तेलाऐवजी दूध जास्त झालेल्या चहासारखा फिकट गढूळपणा दिसला, की या तिन्ही पंथांच्या तोंडून एकच वाक्य निघते : "ऑइलात पाणी मिक्स झालंय." हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे, की मोटारीच्या अगदी आरंभीच्या काळात ते उच्चारण्याचा प्रसंग क्वचितच येत असेल, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

मुंबईच्या रस्त्यांवर 1898 च्या सुमारास पहिल्या मोटारी आल्या आणि 1901 साली जमशेटजी टाटांनी मोटार घेतली. त्या काळच्या बहुतेक इंजिनांत तेल मुळी मुक्कामाला राहतच नसे. काचेच्या नळकांड्यातून ते थेंबाथेंबाने बेअरिंगांवर पडे, आपले काम करी आणि जळून किंवा रस्त्यावर गळून नाहीसे होई. जे तेल तासाभरात खर्ची पडते, त्यात पाणी शिरून ते दुधाळ व्हावे कसे? शिवाय पुष्कळ इंजिनांचे सिलिंडर आणि त्यावरील डोके एकाच ओतीवात घडवलेले असे, म्हणजे पाण्याला तेलाकडे किंवा ज्वलनाकडे वाट काढण्यासाठी सांधाच नसे. (तेलही निराळेच. इंग्लंडातील वेकफील्ड यांच्या कंपनीने 1909 साली 'कॅस्ट्रॉल' काढले त्या नावात आपले घरगुती एरंडेलच दडलेले आहे. पहिल्या महायुद्धात फिरत्या सिलिंडरांच्या विमानांतून उडणाऱ्या वैमानिकांच्या पोटावर त्याच्या धुराने जो परिणाम होई, तो आपल्या आजीने अचूक वर्तवला असता.)

या रोगाचे जन्मवर्ष सांगायचेच झाले, तर मी 1908 सांगेन. त्या वर्षी हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' आली आणि सुटे होणारे सिलिंडर-हेड घरोघर पोचले. हेड सुटे झाल्याने कार्बन खरवडणे, व्हॉल्व्ह घासणे ही कामे साध्या फिटरच्या आवाक्यात आली, यात संशय नाही; परंतु हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये आता तांब्याच्या पत्र्यात अस्बेस्टॉस दाबून केलेले पॅकिंग घालावे लागले, आणि आग, पाणी व पुढील इंजिनांत तेलही, या तीन शेजाऱ्यांमधली भिंत एका पातळ चकतीवर येऊन ठेपली. तरी 'टी'ची प्रकृती सौम्य होती. सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, निवलेले खाली उतरे, एवढ्यावर भागे, आणि दाब असा फारसा नसे. तिला तेलाची काडीही नव्हती. गाडीखाली सरपटत जाऊन एकावर एक बसवलेल्या दोन चिमुकल्या तोट्या उघडाव्या लागत. वरचीतून तेल आले तर भरपूर, खालचीतूनही न आले तर धोका, असा तिचा निवाडा असे.

पुढे तेल पंपाने फिरू लागले, पाणी पंपाने फिरू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रेडिएटरला दाब धरणारे झाकण बसले, तेव्हा दुधाळ तेलाची सर्व सामग्री एकत्र आली. ते दुधाळ का होते याचे उत्तर प्रत्येक मराठी घराच्या माजघरात होते. दुधात स्निग्धांशाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगतात. इंजिनात उलट, पाण्याचे सूक्ष्म कण तेलात तरंगतात, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने ते दुधापेक्षा लोण्याला जवळचे. पांढरेपणा रंगाचा नसून त्या असंख्य कणांवर विखुरणाऱ्या उजेडाचा असतो, आणि रवीचे काम मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेणारा क्रँकशाफ्ट करतो. त्यातही एक विपरीत गोष्ट अशी, की युद्धोत्तर काळात तेलात मळ धरून ठेवणारी रसायने सर्रास मिसळू लागल्यावर (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने तेलांची पहिली वर्गवारी 1947 साली केली) तीच रसायने पाणीही धरून ठेवू लागली. जुने साधे तेल पाण्याला लवकर सोडून देई, नवे त्याला कवटाळून बसते.

दाबाचा हिशेब मात्र जुन्या मिस्त्रींनी पुस्तकाशिवाय बरोबर मांडला होता. इंजिन चालू असता तेलाचा दाब पाण्याहून बराच अधिक असतो, त्यामुळे तेलाची आणि पाण्याची वाट कोठे एक झाली असेल तर तेल रेडिएटरात तवंग धरते. इंजिन बंद होताच तेलाचा दाब शून्यावर येतो, पाणी मात्र तापलेले, कोंडलेले राहते आणि रात्रभर तेलाकडे झिरपत असते. म्हणून अनुभवी माणूस गाडी संध्याकाळी पाहत नसे. ती रात्रभर उभी ठेवून सकाळी, किल्ली न लावता, तो खालचा ड्रेन बोल्ट दोन आटे सैल करी. पाणी जड, ते तळाशी बसलेले, म्हणून तेलाआधी त्याचीच धार आली तर आरोप शाबीत. मग साक्षी तपासायच्या : कोणता प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, कोणत्या लगतच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम उतरले आहे, इंजिन चालू असता रेडिएटरात बुडबुडे येतात की काय.

महाराष्ट्रात या विद्येची मोठी शाळा कुर्ल्याच्या गाडीने चालवली, असे माझे मत आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तेथील कारखान्यातून पुढे जी फियाट 1100 आणि तिचीच वारस पद्मिनी निघाली, तिच्या 1089 घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे होते; ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. गाडी बोरघाटात उकळावी, घाईतल्या ड्रायव्हरने झऱ्याचे थंड पाणी तसेच ओतावे, आणि हेडाने वाक धरावा. मग लेथवाल्याकडे फेसिंग, नवे पॅकिंग, आणि ठरलेल्या क्रमाने नट आवळणे. कलकत्त्याकडची ॲम्बॅसडर आपले बिडाचे हेड घेऊन हे सारे पुष्कळच सोसत असे.

कारखान्याबाहेर, प्रयोगशाळेतही हा मुकदमा चालला. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या डोंगराळ मुलखातल्या रेल्वेने 1946 च्या सुमारास डिझेल इंजिनांचे वापरलेले तेल वर्णपटाने तपासून आतली झीज आधीच ओळखण्यास आरंभ केला. आज तशाच तपासणीत सोडियम, पोटॅशियम सापडले तर ते रेडिएटरमधील कूलंटकडे बोट दाखवतात. तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकून तो चडचडतो का हे ऐकण्याची रीत त्याहून गरीब असली, तरी हजारात एक भाग पाणीही ती सहसा लपू देत नाही.

तथापि या धंद्यात निरपराध्याला शिक्षा होण्याचे प्रमाणही थोडे नाही. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते, आणि त्यातले थोडे पिस्टनच्या रिंगांमागून खाली उतरते. इंजिन पुरते तापले तर ते उडून जाते. गाडी रोज दीड मैलच चालली तर तेल भरण्याच्या थंड झाकणाखाली पांढरी साय धरते. पूर्वी ही वाफ उघड्या नळीने रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियात 1961 च्या गाड्यांपासून ती पुन्हा इंजिनातच ओढून जाळण्याची तजवीज झाली, आणि ती नळी तुंबली की साय अधिकच जमते.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा हे ज्ञान मुंबईकरांना एका रात्रीत घ्यावे लागले. बुडालेल्या गाडीच्या तळाशी पाणी स्वच्छ वेगळे निघाले, तर इंजिन फिरलेले नाही. तेल दुधाळ निघाले, तर कोणीतरी किल्ली फिरवली आहे. गाडीच्या पंचनाम्यात याहून बोलका जबाब मिळणे कठीण.

माझ्याही जुन्या गाडीच्या झाकणाखाली एका श्रावणात अशी साय दिसली होती, आणि एका गॅरेजात हेड उतरवण्याचा खर्चही लिहून मिळाला होता. नाना पेठेतील एका वृद्ध मिस्त्रीने काडी ओढली, ती स्वच्छ होती. रेडिएटरची पातळी पाहिली, ती जागच्या जागी होती. आणि गाडी रोज किती चालते एवढेच विचारले. त्याच्या सांगण्यावरून मी ती खोपोलीपर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर झाकण उघडले, तेव्हा ते आतून कोरडे होते. हेड आजतागायत उतरलेले नाही.